हँक इथे राहत नाही

प्रिय तन्वी आणि ओम,

गेल्या रविवारी फोनवर ओमने मला विचारलं, "आजी, यू डिडन्ट लाइक हँक, डिड यू?" मी म्हटलं, कुकर लावलाय, नंतर बोलू. कुकर लावलेला नव्हता. एका माणसापुरता भात मी आता छोट्या पातेल्यात करते. खोटं बोलले म्हणून आधी माफी मागते, आणि आता उत्तर लिहायला बसले आहे.

आजोबांना जाऊन सहा आठवडे झाले. त्या दिवशी फ्यूनरल होममध्ये तुम्ही दोघं पहिल्या रांगेत बसला होतात. मागच्या दाराने नऊ पुरुष आत आले, बहुतेक सत्तरीच्या आसपासचे, कोट घालायची सवय नसलेले. एकेकाने पुढे येऊन आजोबांच्या हाताला हात लावला आणि म्हटलं, "सो लाँग, हँक." ओम माझ्याकडे बघत होता. तुमची आई म्हणाली, "बाबांचं कामावरचं नाव," आणि तिच्यापुरता विषय संपला. माझ्यापुरता संपलेला नाही. आमच्या घरात तो छत्तीस वर्षं होता आणि त्याचा शेवट मी वाईट केला. तन्वी, तू मराठी शाळेत गेली आहेस, तू ओमला हे वाचून दाखव. अडेल तिथे आईला विचार. तिलाही यातलं सगळं माहीत नाही.

पुढचं मी आजोबांना उद्देशून लिहिते, कारण हे बोलणं त्यांच्याशीच राहून गेलं आहे. तुम्ही शेजारी बसल्यासारखे ऐका.

अहो,

तुमच्या नोकरीच्या पहिल्या दिवसापासून सुरुवात करते. मोटारीचे दरवाजे पत्र्यातून ठोकून काढणारा तो कारखाना, आणि तुम्ही त्याच्या साच्यांचे नवे इंजिनिअर. आपल्याला मिशिगनमध्ये येऊन तीन आठवडे झाले होते. संध्याकाळी तुम्ही बूट काढता काढता हसत सांगितलंत, की फोरमनने लॉकरवर पांढरी चिकटपट्टी लावली आणि जाड पेनने लिहिलं, हँक.

"म्हणजे कोण?" मी विचारलं.

"म्हणजे मी. त्याला हणमंत म्हणता येईना. बिचाऱ्याने दोनदा जीव लावून प्रयत्न केला. तिसऱ्यांदा म्हणाला, यू आर हँक."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, येस सर."

तुम्हाला ते गमतीचं वाटलं. मला रात्रीचं जेवण गेलं नाही. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, साताऱ्याला मुलींच्या शाळेत चार वर्षं इंग्रजी शिकवलेली. माझ्या वर्गातल्या मुली थंडरस्टॉर्म न अडखळता म्हणायच्या, आणि या देशातल्या माणसाला चार अक्षरं आणि एक अनुस्वार जड झाला. दुसऱ्या दिवशी मी लायब्ररीत गेले आणि नावांचा एक जाडजूड कोश काढून बसले. गोष्ट पटत नसली की तिचं मूळ शोधायचं, ही माझी पद्धत तुम्हाला माहीत होती.

कोशात होतं की सगळे लोक हँक हे हेन्रीचं लाडकं रूप समजतात, पण ते मुळात जॉनचं आहे. जुन्या इंग्लंडात जॉनचा उच्चार 'हान'च्या जवळ जायचा. लहान मुलासाठी त्याला 'किन' जोडायचे, आपण बाळ्या-बंड्या करतो तसं. त्याचा हँकिन झाला, मग शेपूट गळून हँक. पुढे जॉनला जॅक पुरला आणि हँक मोकळा पडला. तो हेन्रीला चिकटला. इथे आलेल्या डच लोकांचा हेंक होता, त्याचीही भर पडली असावी. मी हे सगळं वहीत उतरवून आणलं आणि तुमच्यापुढे वाचलं.

"म्हणजे हे नाव आधीच दोघांचं उष्टं आहे," मी म्हटलं.

"मग तिसऱ्याला काय हरकत आहे?" तुम्ही म्हणालात. "आणि हे बघ, माझा 'ह' तरी शाबूत आहे. त्या सुब्रमण्यमला त्यांनी सॅम केलाय."

हे नाव कोणाला देतात, तेही मी बघत राहिले. बँकेतला हेन्री हेन्रीच राहतो. डॉक्टरच्या दारावरच्या पाटीवर हेन्री असतो. हँक म्हणजे ट्रक चालवणारा, गाडीखाली पाठीवर सरकत जाणारा, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेला माणूस. तुम्ही पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात पहिले आलेले. मला तो अपमान वाटला. तुम्ही म्हणालात, "अगं, त्यांनी मला हेन्री म्हटलं असतं तर ते वाईट झालं असतं. हेन्रीला ते डब्यातलं सॅंडविच देत नाहीत." या वाक्याचा अर्थ मी त्यावेळी लावला नाही.

मी घरात नियम केला. फोनवर कोणी हँक मागितला तर मी एकच वाक्य सांगायचे, शाळेतल्या आवाजात: देअर इज नो हँक इन धिस हाउस. आणि फोन खाली. पहिली दोन वर्षं तुमच्या कामावरचे लोक गोंधळायचे. मग तुम्हीच त्यांना शिकवलंत की घरी फोन करायचा तर पाटणकर म्हणा, ते जमत नसेल तर मिस्टर पी म्हणा. वॉल्ट, तुमच्या शेजारच्या बाकावर साचे घासणारा तो उंच माणूस, त्याने हे सर्वांत नीट पाळलं. "गुड इव्हनिंग, मॅम. मिस्टर पी आहेत का?" असं तो मोजून-मापून विचारायचा. तुम्ही फोन घेतलात की तिकडून त्याचा मोठा आवाज यायचा आणि तुमचंही बोलणं बदलायचं. तुम्ही मोठ्याने हसायचात. तेवढ्यासाठी तुम्ही वायर ताणून गॅरेजच्या पायरीवर जाऊन बसायचात. मी त्यांच्या पिकनिकला कधी आले नाही. वॉल्ट तीस वर्षांत आपल्या दारापर्यंत आला. आत यायला मी कधी सांगितलं नाही.

आता ते भांडण. त्या सप्टेंबरनंतरचं, दोन हजार एकचं. पेट्रोल पंपावर कोणीतरी तुम्हाला उद्देशून काहीतरी ओरडलं होतं. काय ते तुम्ही मला शेवटपर्यंत सांगितलं नाहीत. आपली अनुजा कॅलिफोर्नियाहून रोज फोन करायची, "बाबा, जरा सांभाळून राहा." एका शनिवारी सकाळी मी बाहेर आले, तर तुम्ही रस्त्याकडेच्या टपालपेटीवरची आपल्या नावाची अक्षरं खरवडून काढली होती आणि दुकानातून आणलेली नवी चिकटवली होती. हँक पी.

मी आतून भाजी चिरायची सुरी आणली आणि ती अक्षरं काढायला लागले. समोरची बाई कुत्रं फिरवत होती, ती थांबली.

"सुमती, आत चल," तुम्ही म्हणालात.

"भीती वाटते तर तसं म्हणा."

"वाटते. माझी नाही, तुझी. मी दिवसभर कारखान्यात असतो, तू घरात एकटी असतेस."

"माझ्या नावावर भिऊ नका. बापाने ठेवलेलं नाव कोणी असं पुसतं?"

तेव्हा तुम्ही जे बोललात ते मी विसरले नाही. "तुझं पुसलं तेव्हा तू काही बोलली नाहीस."

ओम, तन्वी, तुम्हाला हे माहीत नसेल. आमच्या लग्नाच्या वेळी मुलीचं फक्त आडनाव बदलत नसे, नावही बदलत. ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीने त्यात नवं नाव लिहितो, आणि पेढे वाटतात. माझ्या वडिलांनी माझं नाव शरयू ठेवलं होतं. पाटणकरांच्या घरी मी सुमती झाले. नाव सासूबाईंनी ठरवलं होतं. लिहिलं आजोबांनी.

"मला कोणी विचारलं होतं का?" मी म्हटलं.

"मला तरी फोरमनने कुठे विचारलं?"

"तो परका होता. तुम्ही परके नव्हतात. तुम्ही मला एकदाही शरयू म्हटलं नाहीत."

तुम्ही सुरी माझ्या हातातून घेतलीत, उरलेली अक्षरं स्वतः खरवडलीत आणि पेटी पुसून काढलीत. त्यावर पुन्हा कोणतंच नाव लागलं नाही, नुसता घराचा नंबर राहिला. दुपारी आपण डाळ-भात खाल्ला आणि अनुजाच्या जन्माच्या वेळच्या जुन्या गोष्टी काढल्या. ते भांडण तिथेच अर्धवट राहिलं. मला वाटायचं, तुम्ही निवृत्त झालात की निवांत पुरं करू. निवृत्तीनंतर तुम्ही टोमॅटो लावलेत आणि ते हरणांपासून वाचवण्यात पाच उन्हाळे गेले.

आता ज्याच्यासाठी हा कागद घेतला ते लिहिते.

ऑक्टोबरमधला तो मंगळवार. तुमचा पलंग आपण फॅमिली रूममध्ये आणला होता. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं की आता औषध दुखण्यापुरतंच. तुम्ही दुपारी बरे असायचात, दोन ते चार. पावणेतीनला फोन वाजला. मी रात्रभर जागी होते, हातात तुमचं पेजेचं भांडं होतं. मी फोन उचलला आणि तिकडून घाईघाईने आवाज आला, "हाय, इज हँक अराउंड?"

वॉल्ट होता. मी आवाज ओळखला, हे मला लिहायलाच हवं. राँग नंबर आहे असं मला क्षणभरही वाटलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो मिस्टर पी म्हणायला विसरला होता, आणि माझ्या मनात आलं, आता तरी, या घरात, या दिवसांत तरी. मी म्हटलं, "हँक डझन्ट लिव्ह हिअर." आणि फोन ठेवला.

तुम्ही पलंगावरून विचारलंत, "कोणाचा गं?"

"राँग नंबर."

तुम्ही मान हलवलीत. पेज चार चमचे घेतलीत. शनिवारी तुम्ही गेलात.

ते चार दिवस मी तुम्हाला सांगू शकले असते. बुधवारी मी तोंड उघडलंही होतं. तुम्ही विचारलंत, बाहेर थंडी आहे का, आणि मी थंडीबद्दल बोलले.

त्यानंतर अंत्यविधी आला. भटजींनी नाव आणि गोत्र विचारलं. मी पुढे होते, पण मला सांगता आलं नाही, ते अनुजाने सांगितलं. लोकांना वाटलं, हुंदका आला. हुंदका नव्हता. मी तुमचं नाव लग्नात उखाण्यात घेतलं, त्यानंतर कधीच नाही. फॉर्मवर शेकडो वेळा लिहिलं. इन्शुरन्सवाल्यांना, डॉक्टरांना, बँकेत, माय हजबंड, मिस्टर पाटणकर. घरात अहो. ज्या नावासाठी मी छत्तीस वर्षं फोन आपटले, त्याने मी तुम्हाला हाक मारलेली नाही. त्या नऊ माणसांनी तुमच्या हाताला हात लावून तुम्हाला तुमच्या नावाने निरोप दिला. मी नमस्कार केला आणि बाजूला झाले.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी अंगणात घरघर ऐकू आली. वॉल्ट पानं गोळा करत होता. विचारलं नव्हतं, सांगितलं नव्हतं. पुढचं अंगण झालं, मग तो मागे गेला, तुमच्या टोमॅटोच्या काठ्या उपटून जुडी बांधून ठेवल्या. मी दार उघडून म्हटलं, "मिस्टर वॉल्ट, चहा घ्याल?" त्याने बूट दारात काढले. तुम्ही शिकवलं असणार.

तो तुमच्या खुर्चीवर बसला नाही, स्टुलावर बसला. मी चहा ठेवला आणि बसायच्या आधी सांगून टाकलं. मंगळवारी पावणेतीनला तुम्ही फोन केलात, मी तुमचा आवाज ओळखला होता, हँक जागे होते, मी त्यांना फोन दिला नाही. हँक हा शब्द माझ्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा त्या अर्थाने गेला.

त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "आय न्यू इट वॉज यू, मॅम. कारखान्यात ते वाक्य सगळ्यांना पाठ होतं. माझी बायको त्याची नक्कल करायची."

"मग परत का नाही केलात?"

"वाटलं, उद्या करू. उद्या नीट मिस्टर पी म्हणू. मग त्या आठवड्यात... मी पण केला नाही. हे पण धरा."

मी विचारलं, फोन कशाला केला होता. ते विचारू नये असं मला वाटत होतं, तरी विचारलं. कारखाना बंद होणार हे तुम्हाला माहीत होतं, उन्हाळ्यापासून पेपरात होतं. तुमची जुनी प्रेस लाइन, पत्रा ठोकणाऱ्या यंत्रांची रांग, तुम्ही दोघांनी बसवलेली, ती गुरुवारी कायमची थांबवायची होती. सगळ्यांनी ठरवलं होतं की थांबवायचं बटण हँकने दाबावं. वॉल्ट मुलाची व्हॅन घेऊन येणार होता, खुर्चीसकट उचलून नेणार होता. गुरुवारी बटण वॉल्टने दाबलं. "वी सेड ही मस्ट बी स्लीपिंग," तो म्हणाला.

तुम्ही गेला असतात का, मला सांगता येत नाही. डॉक्टर म्हणाले होते, इच्छा असेल तर अर्धा तास बाहेर न्यायला हरकत नाही. त्या गुरुवारी ऊन होतं. तुम्ही कदाचित म्हणाला असतात, अंगात त्राण नाही, वॉल्टला सांग. पण ते तुम्ही म्हणायचं होतं.

मी बोटाने टेबलावरचा चहाचा थेंब पुसत बसले. वॉल्टने स्टूल जवळ ओढलं आणि म्हणाला, "शरायू, लिसन."

मी त्याला विचारलं, हे नाव तुम्हाला कोणी सांगितलं.

त्याला प्रश्नच कळला नाही. "हँकने. दुसरं कुठलं आहे? तो तेच म्हणायचा. कोणी ड्रॉइंगवर कॉफीचा कप ठेवला की म्हणायचा, शरायू वुड नॉट अप्रूव्ह. आम्ही सगळेच म्हणायला लागलो. कोणी घाणेरडा शब्द बोलला की पूर्ण लाइन ओरडायची, शरायू वुड नॉट अप्रूव्ह."

मी उठून गॅस बारीक केला. गॅस बंदच होता.

मग घरी का नाही? इतकी वर्षं तुम्ही गॅरेजच्या पायरीवर बसून, दार लोटून, त्या लोकांजवळ माझं नाव घेत होतात आणि आत येऊन सुमती, जेवायला वाढ म्हणत होतात. दोन हजार एकमध्ये मी सुरी हातात धरून विचारलं तेव्हा एवढं एक वाक्य सांगायला काय हरकत होती? आईला दिलेला शब्द होता का? की तुम्हालाही माझ्यासारखंच, घरात जीभ वळत नव्हती? मला तुमचा राग आला आहे. गेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात, पण हा राग खरा आहे आणि मी तो लपवणार नाही. त्याच वेळी मला हेही दिसतं की माझं नाव ज्याने सांभाळलं तो हँक होता, आणि त्यालाच मी दारातून परत पाठवत राहिले.

वॉल्टने मला माफ केलं की नाही, मी विचारलं नाही. त्याने कप धुऊन उपडा घातला आणि गेला. दर गुरुवारी येतो. आता बर्फ काढतो. मी त्याला शिरा देते, तो गोड कमी हवा म्हणतो. तो मला शरायू म्हणतो, मी दुरुस्त करत नाही.

ओम, तुझं उत्तर असं आहे. हँक मला आवडत नव्हता, कारण मी त्याला कधी भेटले नाही. भेटायची सोय होती, आमंत्रणंही होती. मी नाही म्हटलं. तू कोणाचं नाव ऐकून दार लावू नकोस, एवढं मी तुला सांगू शकते, आणि मी हे सांगायला लायक नाही, हेही मला कळतं.

अहो, शेवटचं. परवा दुपारी मी स्वयंपाकघरात ताठ उभी राहून तुमचं नाव घ्यायचा प्रयत्न केला. घरात कोणी नव्हतं. 'ह' आला. पुढे गेलं नाही. पुन्हा करून बघेन, पण वचन देत नाही.

सासूबाई तुम्हाला हणमू म्हणायच्या, त्या गेल्या. कराडचे तुमचे भाऊ तुम्हाला पूर्ण नावाने हाक मारायचे, ते दोन वर्षांपूर्वी गेले. अनुजाचे तुम्ही बाबा, मुलांचे आजोबा, माझे अहो. हणमंत अशी हाक मारणारं आता जगात कोणी राहिलेलं नाही. हँक म्हणणारी नऊ माणसं आहेत. ती सगळी इथून वीस मैलांच्या आत राहतात, आणि तुमच्याबद्दल बोलतात.